सिनेमानंतरच्या चिठ्ठ्या

आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळात सिनेमा पाहून झाला की मत तोंडानं सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, असा नियम होता. नियम माझाच. मंडळातले निम्मे लोक केंद्र सरकारच्या नोकरीत आणि त्यातले बरेचसे एकमेकांच्या हाताखाली. सुरुवातीला आम्ही उघड चर्चा ठेवली, तेव्हा एका सहसचिवांच्या पत्नी उठून म्हणाल्या, "मला तरी बाई आवडला." पुढची चाळीस मिनिटं सगळ्यांनाच तो सिनेमा आवडत राहिला. मी स्वतः मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, त्यामुळे हा आजार माझ्या रोजच्या पाहण्यातला होता. पुढच्या महिन्यापासून मी दारात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या, नाव लिहायचं नाही असं बजावलं, आणि गोळा झालेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून काढून मोठ्यानं वाचायला लागले. एरवी 'छान, छान' करणारी माणसं काय काय लिहायला लागली म्हणून सांगू!

वाचायचं काम माझ्याकडेच होतं आणि मी ते मिरवत असे. माझा आवाज बरा आहे, कुठे थांबायचं ते कळतं, आणि खोचक चिठ्ठी असली तर चेहरा सरळ ठेवून वाचता येते. मराठी चिठ्ठ्या मी आधी आणि सावकाश वाचत असे. हिंदी-इंग्रजी शेवटी, भराभर, बसची पाटी वाचावी तशा. इथे वाढलेल्या मुलांनी मराठी लिहावं म्हणून ही माझी छोटीशी शिक्षा होती. मुलं काही सुधारली नाहीत.

मी सांगतेय त्या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली असतील. जानेवारीचा रविवार होता. पहाडगंजातल्या एका शाळेचा हॉल आम्हाला महिन्यातून एकदा सकाळी मिळायचा. सिनेमा मी निवडला होता आणि त्यावरून आमच्या अध्यक्षांशी माझी चांगलीच जुंपली होती. ते निवृत्त अधिकारी, त्यांना रविवारी हसायला हवं असे. मला त्या त्याच त्या हसण्याचा कंटाळा आला होता. मी आणलेला सिनेमा नवा होता, काळाकुट्ट होता आणि शाळकरी मुलींबद्दल होता. डोंगरावरच्या एका वसतिगृहात पंधरा वर्षांच्या दोन मैत्रिणी. त्यातली एक दुसरीकडून हळूहळू सगळं काढून घेते. आधी तिच्या मैत्रिणी, मग झोप, शेवटी तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास. मारामारी नाही, रक्त नाही, तरी पाहताना हात गार पडतात. शेवटी ती मुलगी आईला फोन करून सगळं सांगते आणि आई तिला घ्यायला निघते. पण ती छळणारी मैत्रीण खरंच होती की हिच्या मनातच होती, हे काही सिनेमा सांगत नाही.

चौदा वर्षांवरच्या मुलांना आणायला हरकत नाही, असं मीच ग्रुपवर कळवलं होतं. बारा जणी आल्या, सगळ्या मुलीच, माझी धरून. ती तेव्हा अकरावीत होती. नवऱ्याची बदली चंदीगडला झालेली, तो पंधरवड्यातून एकदा येई, त्यामुळे द्वारकेच्या घरात आम्ही दोघीच असायचो. ती माझ्याशी हिंदीत बोले आणि मी तिला मराठीत उत्तर देई. वाद त्यावरही व्हायचे, पण दोघींनाही त्याची सवय झाली होती.

सिनेमा संपला, दिवे लागले आणि चहाच्या टेबलापाशी लगेच दोन तट पडले. अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, हे मुलांना दाखवण्यासारखं होतं का हो?" मी म्हणाले, "मुलांना दाखवण्यासारखं नाही, मोठ्यांना दाखवण्यासारखं होतं." उत्तर मला फारच आवडलं. चहा संपेपर्यंत मी आणखी तीन जणांना ते ऐकवलं. मुलगी कुठे आहे, काय करते आहे, इकडे माझं लक्ष नव्हतं.

मग मी डबा घेऊन स्टेजवर गेले. पहिल्याच चिठ्ठीत होतं, 'संगीत अंगावर येतं, पण अभिनय अव्वल.' दुसरीत, 'रविवार वाया गेला, परत करा.' लोक हसले. एकानं लिहिलं होतं की शेवट कळला नाही, कोणाला कळला असल्यास कृपया सांगावा. एका जुन्या वळणाच्या अक्षरात होतं, 'आमच्या वेळी मुलांना असलं काही व्हायला सवडच नव्हती.' त्यावर टाळ्या पडल्या. कोणाला छायाचित्रण आवडलं होतं, कोणाला आईचं काम करणारी नटी. एका चिठ्ठीत फक्त 'भीती वाटली' एवढंच. 'अशा गोष्टी आपल्याकडच्या घरांत होत नाहीत, हे परदेशी खूळ आहे,' हे वाचताना मी मुद्दाम जरा थांबले आणि अध्यक्षांकडे पाहिलं. लढाई बरोबरीत चालली होती. मला ती जिंकायची होती.

पुढची चिठ्ठी मोठ्या सुट्या अक्षरांत, पेन्सिलीनं लिहिलेली होती. आधी सगळी अक्षरं काढून मग वरून एक सलग रेघ ओढलेली. मी वाचायला सुरुवात केली.

'शेवटी ती मुलगी आईला सांगते, ते खोटं वाटलं. खरं तर कोणी सांगत नाही. माझ्याशी वर्गात सहा महिने कोणी बोलत नाही. मी रोज डबा बाथरूममध्ये दार लावून खाते, आणि घरी आल्यावर भाजी छान झाली होती असं सांगते.'

आणि मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. माझा सिनेमा कोणाला तरी जाऊन भिडला होता, आणि तो 'आपल्याकडे असं होत नाही'वाला कोण असेल तो आता गप्प बसला होता. मी अध्यक्षांकडे पुन्हा पाहिलं. ते खाली बघत होते.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पोरांनी गंमत केली असेल." त्यावर हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "मला गंमत वाटत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येतात अशी मुलं. ज्यांच्या घरात या वयाची मुलं आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर शांतपणे मुलांशी बोला. सगळ्यांनीच बोला. आपलं नसेल असं धरून चालू नका."

इतकं स्वच्छ, इतकं सोपं सांगितलं होतं त्यांनी. मी मान डोलावली, "अगदी बरोबर" म्हणाले, चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुढची काढली. तीत चहा गार होता अशी तक्रार होती. लोक सुटल्यासारखे हसले.

मेट्रोत मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"ठीक था."

"ती चिठ्ठी ऐकलीस ना? बिचारी. कोणाची असेल गं ती पोर?"

ती काही वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पता नहीं," आणि कानांत इअरफोन घातले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी अगदीच विसरले नव्हते. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला मुद्दाम विचारलं, "आज भाजी कशी झाली होती?" ती म्हणाली, "ठीक थी." छान म्हणाली नाही, म्हणून मला हायसं वाटलं. आपल्या घराची तपासणी मी एवढ्यावर संपवली आणि दुसऱ्यांच्या घरांकडे वळले.

कारण अध्यक्षांचा फोन आला होता. सिनेमा कसा का असेना, पण आता त्या मुलीला शोधायला हवं, असं ते कळकळीनं म्हणाले. मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. चोवीस वर्षं फाइली हलवलेल्या बाईला अजून काय हवं असतं? मी यादी केली. बारा जणींतून माझी वगळली, राहिली अकरा घरं. चिठ्ठीवर नाव नको हा नियम मीच केलेला, तो मीच मोडते आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी चांगलं काम करत होते ना!

तीन संध्याकाळी मी फोन करत होते. हॉलमध्ये सोफ्यावर बसून, यादी समोर ठेवून. "ताई, रागावू नका, पण घरी सगळं ठीक आहे ना? मुलगी काही बोलते का तुमच्याशी? अहो, मुलं सांगत नाहीत, आपणच ओळखायला हवं." हे शेवटचं वाक्य मी अकराही घरी म्हणाले असेन. प्रत्येक घरून तेच उत्तर आलं, आमची नाही हो. एक आई फोनवर रडली, कारण तिला खात्री देता येईना. तिची समजूत मी अर्धा तास काढली. आतल्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करत होती. तिच्या खोलीचं दार उघडं असे. एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली, माझं बोलणं होईपर्यंत ग्लास हातात धरून उभी राहिली. मी हातानंच खूण केली, थांब, महत्त्वाचा फोन आहे. ती परत गेली.

अकरा नकार आल्यावर मी चिठ्ठी पुन्हा काढली आणि हुशारी लढवली. चिठ्ठी मराठीत होती, आणि नीट मराठीत. दिल्लीत वाढलेली मुलं अडीच ओळींत चार हिंदी शब्द घालतात. हिच्यात एकही नव्हता. शिवाय ती वरून एका दमात ओढलेली रेघ. मंडळाचा मराठी वर्ग चालवणाऱ्या बाई मुलांना असंच शिकवत. बाईंची मुलगी अकरावीतच होती, माझ्या मुलीच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत. त्यांच्या घरात हिंदी शब्द उंबऱ्याच्या आत येत नाही अशी ख्याती होती. म्हणजे सगळं जुळलं. माझी मुलगीही चार वर्षं त्या वर्गाला जात होती, आठवीत तिनं तो भांडून सोडला, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ती मराठी लिहील हे माझ्या कल्पनेतच बसत नव्हतं. ते मी कधीच सोडून दिलं होतं.

मी बाईंना पुन्हा फोन केला. "बाई, तुमचा हात आहे त्या अक्षराला," मी म्हणाले. "मी कुठे बोलणार नाही. पण एकदा नीट बघा."

बाई तशा कडक. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात असं असेल तर मला आधी कळायला हवं होतं." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, झालं, काम फत्ते. अध्यक्षांना मी 'माग लागलाय' असा निरोपही देऊन टाकला.

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर मुलगी हॉलमध्ये उभी होती. दप्तर अजून पाठीवर. घरी येऊन तिला तीन तास झाले असणार.

"आई, बाईंच्या मुलीला सोड," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, मी आधी दचकले ते त्यानंच. "ती चिठ्ठी तिची नाही. माझी आहे."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "काहीतरी काय बोलतेस?"

मग तिनं सांगितलं. आधी मराठीत, मग घाईघाईनं हिंदीत. त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शाळेत आल्या होत्या. त्यांची मुलगी कुठे बसून डबा खाते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. ती वर्गात दिसली नाही, मैदानावर दिसली नाही, म्हणून त्या थेट मुलींच्या बाथरूममध्ये गेल्या आणि एकेक दार वाजवत तिला हाका मारायला लागल्या. बाहेर पोरींचा घोळका जमला. बाईंची मुलगी बिचारी लायब्ररीत होती. कोणीतरी तिला बोलावून आणलं तेव्हा तिची आई बंद दारांशी बोलत होती आणि वीस-पंचवीस पोरी हसत होत्या. ती तिथेच रडायला लागली. बाई तिला हाताला धरून घरी घेऊन गेल्या.

"तुला हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी आत होते. शेवटच्या दारात." ती खाली बघून बोलत होती. "बाईंनी माझं दारसुद्धा वाजवलं. मी पाय वर घेतले. हातात पोळी होती."

मी खाली बसले. सोफ्यावर की जमिनीवर ते आठवत नाही. तिची सहा वर्षांपासूनची मैत्रीण जुलैपासून घरी आली नव्हती. मी एकदाही विचारलं नव्हतं की का आली नाही. अकरावीचा अभ्यास वाढला असेल, असं मीच ठरवून मोकळी झाले होते. त्या मैत्रिणीनंच सगळ्या वर्गाला हिच्याशी बोलायचं बंद करायला लावलं होतं. कारण इतकं क्षुल्लक होतं, की ते इथे लिहिलं तर वाचणारा म्हणेल, बस, एवढंच? मुलीलाही हेच म्हटलं जाईल याची भीती होती.

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिनं हात बाजूला केला, रागानं नाही, पण केला. "आधी फोन कर," ती म्हणाली. "बाईंना. आत्ता. तिला उद्या शाळेत यायचंय."

तेव्हा मला कळलं की ती माझ्याकडे मदत मागायला आलेलीच नव्हती. ती दुसरीला सोडवायला आली होती. मला ते फार लागलं, आणि तिचा अभिमानही वाटला, पण तसा अभिमान बाळगायचा मला काही हक्क नव्हता.

मी फोन लावला. मंत्रालयात मी भल्याभल्यांना तोंडावर सुनावलेलं आहे, पण त्या दिवशी मी आधी बाईंच्या तब्येतीची चौकशी केली. मुलगी समोर उभी होती. शेवटी म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. ती चिठ्ठी माझ्या मुलीची आहे. तुमच्या मुलीचा काही संबंध नाही."

बाई रागावतील असं वाटलं, रागवायलाच हव्या होत्या. पण त्यांनी विचारलं, "ती आज तिथे होती का हो? आत?"

"हो."

"मी वाजवलं होतं शेवटचं दार," त्या म्हणाल्या. "मला वाटलं रिकामं आहे." मग त्यांनी माझ्या मुलीला फोन द्यायला सांगितलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मुलगी नुसती 'हो' आणि 'नाही बाई' म्हणत होती. मग म्हणाली, "तिला सॉरी सांगा. मी उद्या स्वतः सांगेन."

पुढे जे करायचं ते केलं. डॉक्टरीणबाईंना मी त्याच संध्याकाळी फोन केला, त्यांनी शनिवारी बोलावलं. नवरा दुसऱ्या दिवशीच चंदीगडहून आला. शाळेत गेलो, तिथल्यांनी ऐकून घेतलं. उरलेल्या दहा घरांनाही मी फोन केले, एकेक करून, आणि सांगितलं की आमचीच होती. काहींनी धीर दिला. एक-दोघींच्या आवाजात सुटकेचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला, आणि त्याचा राग करायला मला तोंड नव्हतं. मुलगी सावरली, पण लगेच नाही आणि एका सरळ रेघेत नाही. बारावीला तिची तुकडी बदलली. बाईंची मुलगी आणि ती डबा एकत्र खायला लागल्या, हे मला बाईंकडून कळलं. चिठ्ठ्या वाचायचं काम मी सोडलं. आता दुसरं कोणीतरी वाचतं.

पण त्या गुरुवारी, फोन ठेवल्यावर, आम्ही दोघी तशाच बसलो होतो. तिनं एकदाचं दप्तर उतरवलं होतं. मला रडू येत होतं आणि त्यात रागही होता. कोणावर ते नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून तो तिच्यावरच निघाला.

"इतके महिने," मी म्हणाले. "एका घरात राहतो आपण. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

तिनं मान वर केली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"सांगितलं ना," ती म्हणाली. "चिठ्ठ्या तूच वाचतेस. हिंदीतल्या तू नीट वाचत नाहीस, म्हणून मराठीत लिहिली. तू चहाच्या टेबलापाशी होतीस तेव्हा पाच चिठ्ठ्या फाडल्या मी, एकही हिंदी शब्द येऊ नये म्हणून. मग तू ती वाचलीस. छान वाचलीस."

मी पर्समधून ती चिठ्ठी काढली.

"मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आई. तू वाचताना वर बघशील म्हणून मी तुझ्याकडेच बघत होते. तू अध्यक्षांकडे बघितलंस. आणि मग पुढची घेतलीस."